ईशान्येचं झाड

सँडरिंगहॅम, ऑकलंड
२३ ऑगस्ट २०१५

नीलांबरी,

धाकट्या जावेला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. माझ्याकडून सध्या तू ते घेशील असं वाटत नाही, तेव्हा राहू देत. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तुझा फोटोही दिसेनासा झालाय, म्हणजे मला ब्लॉक केलं असणार. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

काल दुपारी एक माणूस ड्राइव्हवेमधून सरळ आत आला आणि आपल्या अंगणातल्या पुरीरीच्या झाडाच्या खोडावर नारिंगी रंगाची फुली मारायला लागला. मी कणकेच्या हातांनी तशीच बाहेर धावले. माणूस चांगला होता, "किया ओरा" म्हणून नमस्कारही केला. मागचं घर जे घेणार आहेत त्यांनी त्याला पाठवलं होतं. म्हणाला, पुढच्या महिन्यापासून कायदा बदलतोय, खाजगी जागेतल्या झाडाला आता कौन्सिलची परवानगी लागणार नाही. मालकांच्या सह्या झाल्या की पुरे, आणि त्यातल्या तीन मिळाल्या आहेत.

तीन! तुझी, हरीशची आणि कुणाची? जमीन आपल्या चौघांच्या नावावर. पुढचं घर आमचं, मागचं तुमचं, मधलं अंगण आणि त्यातलं झाड सगळ्यांचं. म्हणजे तिसरी सही माझ्या नवऱ्याची. तेवीस वर्षं संसार केल्यावर ही बातमी मला एका रंगाचा डबा घेतलेल्या परक्या माणसाकडून कळली. प्रमोद संध्याकाळी घरी आले तेव्हा मी फक्त भाजी वाढली आणि काही बोलले नाही. त्यांना ते जास्त लागतं.

तर चौथी सही माझी, आणि ती मी करणार नाही. तुला हे हरीशकडून आडून कळण्यापेक्षा माझ्याकडून सरळ कळलेलं बरं.

तुझी बाजू मला ठाऊक नाही असं समजू नकोस. २०१२ चा हिवाळा आणि २०१३ चा हिवाळा, दोन्ही वेळा सिद्धीला हॉस्पिटलात घेऊन गेलो तेव्हा गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर तू तिला मांडीवर घेऊन तिचा श्वास मोजत होतीस. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का, ऊन येतं का. घरी आल्यावर तू खिडकीतून बाहेर पाहिलंस आणि समोर ते झाड होतं. त्यानंतर तुम्ही तिकडे वेलिंग्टनजवळ लोअर हटला गेलात. आता मागचं घर विकून मोकळं व्हायचंय, आणि घेणाऱ्याला झाडासकट जागा नको आहे. हे सगळं मला कळतं.

गेल्या महिन्यात तुझ्या स्वयंपाकघरात तू मला विचारलंस, "वहिनी, तुम्हाला झाड हवंय की माझी मुलगी?" मी पर्स उचलली आणि एअरपोर्टला आले. उत्तर नव्हतं म्हणून नाही. प्रश्नच असा होता की त्यावर तोंड उघडलं असतं तर मी काहीतरी भलतंच बोलले असते.

सिद्धीला पापा दे. माझा म्हणून नको सांगूस, हवं तर.

विभावरी

सँडरिंगहॅम
१९ ऑक्टोबर २०१५

नीलांबरी,

तुझं उत्तर नाही. हरीशचा ईमेल आला, त्यात एकच ओळ: "वहिनी, प्लीज साइन करून टाका ना." माझ्या दिराला मी गेल्या वीस वर्षांत जेवढं खाऊ घातलं त्या मानाने ओळ लहान आहे.

इथे कायदा बदलल्यापासून रोज कुठे ना कुठे करवत चालू असते. डाव्या हाताला राहणाऱ्या ग्रेअमचं घर विकलं गेलं, तो वृद्धाश्रमात गेला. नव्या मालकाने दुसऱ्याच आठवड्यात त्याचं पोहुतुकावा पाडलं. डिसेंबरात लाल फुलायचं आणि तू त्याच्याखाली सिद्धीचे फोटो काढायचीस, ते. फांद्या यंत्रात घालून भुगा करतात. दुपारपर्यंत ट्रक भरून निघूनही गेला. मी किंडरगार्टनमध्ये शिकवून परत आले तर आपल्या रस्त्याचं वळण मला ओळखता आलं नाही, पुढे निघून गेले. पलीकडच्या डेअरीवाल्या पटेलांना म्हटलं, काय हो, सगळं बोडकं केलं. ते म्हणाले, "बेन, पार्किंग वधी गयुं." पार्किंगला जागा वाढली, हे त्यांचंही बरोबर आहे.

मी काही झाडांची पूजा करणारी नाही, तुला माहीत आहे. वटपौर्णिमेलासुद्धा मी कामाची सबब सांगायची आणि तू माझ्यावर हसायचीस. पण आपण २०११ मध्ये ही जागा बघायला आलो तेव्हा त्या झाडाचं पान हातात घेतलं आणि मला पटकन ओळख पटली. पाच बोटांचं पान. माझे वडील गुडघ्यांना निर्गुडीचा शेक द्यायचे, त्या निर्गुडीच्याच कुळातलं हे झाड, फक्त इथे येऊन (म्हणजे इथलंच ते, आलो आपण) भलतंच दांडगं झालेलं. इतक्या लांब आल्यावर एक ओळखीचं कुणीतरी भेटलं तर बरं वाटतं. माझं एवढंच आहे.

आणि खरं सांगायचं तर एवढंच नाही. झाड पडलं की घर विकलं जाणार. घर विकलं की तुम्ही लोअर हटचे होणार, वर्षातून एकदा दिवाळीला फोन करणार. मला भाऊ नाही, बहीण नाही. दोन घरं एका अंगणात घ्यायची ही कल्पना माझी होती आणि मला ती अजूनही चांगली वाटते. मी सही अडवून तुम्हाला अडवतेय, असं प्रमोद म्हणाले. मी म्हटलं, हो.

भाडेकरू म्हणतात मागच्या घरात भिंतींना बुरशी येते. मी त्यांना खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलंय.

विभावरी

मागचं घर, सँडरिंगहॅम
१० जुलै २०१६

नीलांबरी,

पत्ता वाचून दचकू नकोस. भाडेकरू मे महिन्यात गेले. बुरशीला कंटाळून गेले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी माझी गादी उचलून तुझ्या घरी राहायला आलेय. प्रमोद म्हणाले, लोक म्हणतील बायको घर सोडून गेली. म्हटलं, म्हणू देत, चहा मात्र इकडे आणून द्या. देतात बिचारे, थर्मासमधून.

तुझ्यावर रागावून आले नाही. तू झाडाबद्दल म्हणतेस ते खरं असेल तर मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. सही अडवायची असेल तर निदान काय अडवतोय ते तरी माहीत असावं.

मी सिद्धीच्या खोलीत झोपते. नीलू, ती खोली भयंकर आहे. सकाळी पांघरूण दमट असतं. कपाटामागे हात घातला तर भिंत ओली लागते. हीटर लावला की काचांवरून पाणी गळतं. तू दोन हिवाळे इथे लेकरू घेऊन काढलेस, आणि मी पुढच्या घरात बसून तुला ओव्याची धुरी सुचवत होते. त्याबद्दल तू माझ्यावर चिडली असशील तर हक्काने चीड.

पण आता जे सांगते ते नीट वाच. पहिल्या आठवड्यात मी झाडाची सावली कुठे पडते ते बघत बसले. सकाळी ती तुझ्या घरावर पडते, हे खरं आहे, मी नाकारत नाही. दुपार व्हायला आली की ती सरकून ड्राइव्हवेवर जाते आणि घर मोकळं होतं. घराला ऊन मिळतं. पण ते सिद्धीच्या खोलीत येतच नाही. ना सकाळी, ना दुपारी, ना संध्याकाळी. मला वाटलं झाडाने कुठूनतरी अडवलं असेल, म्हणून मी खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. त्या बाजूला झाड नाहीच. नुसतं आकाश आहे, आणि त्या आकाशात सूर्य कधी जात नाही.

कारण ती खोली दक्षिणेला आहे.

तुला आठवतंय का? घर घेतल्यावर स्काइपवर ते पुण्याचे वास्तुवाले काका. आपण लॅपटॉप उचलून त्यांना एकेक खोली दाखवत होतो. त्यांनी सांगितलं, ईशान्येला एवढं जड झाड बरं नाही, पण असो. मुलीला दक्षिणेची खोली द्या, थंडीत ऊन तिकडूनच येतं, उबदार राहील. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्याच्या घरात येतंच की थंडीत दक्षिणेकडून ऊन! माझी आई तिथेच पापड वाळत घालायची. त्या खोलीत आधीच्या मालकाचं कपडे धुण्याचं मशीन होतं. ते आपण उचलून उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी नेलं आणि पलंग इकडे आणला. प्रमोद, हरीश, तू आणि मी, चार कोपरे चौघांनी धरले होते. घरात दोन इंजिनियर. मी मुलांना किंडरगार्टनमध्ये रोज सूर्याची गाणी शिकवत होते. विषुववृत्ताच्या खाली सूर्य उत्तरेकडून जातो हे आपल्यापैकी एकालाही आठवलं नाही.

पाच वर्षं तुझं वॉशिंग मशीन उन्हात बसलंय, आणि मुलगी इथे होती तोवर सावलीत.

मला आधी खूप हसू आलं. मग रडू आलं. मग प्रमोदना बोलावून दाखवलं. ते खिडकीतून आकाशाकडे बघून म्हणाले, "आयला."

झाड पाडलं असतं तरी त्या खोलीत उन्हाची तिरीपसुद्धा आली नसती. हे मी जिंकले म्हणून लिहीत नाही. तुला लवकर कळावं म्हणून लिहितेय. फोन कर.

विभावरी

सँडरिंगहॅम
२७ नोव्हेंबर २०१६

नीलांबरी,

तू फोन केलास, पण मला नाही, प्रमोदना. स्पीकर चालू होता हे तुला माहीत नव्हतं. "म्हणजे मीच माझ्या मुलीला आजारी पाडलं, असंच म्हणायचंय ना वहिनींना!" एवढं ऐकलं आणि मी अंगणात निघून गेले.

गेले चार महिने मी ते वाक्य घेऊन फिरतेय. मी तुला लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की मी तुझं ओझं उतरवतेय. झाडाचा दोष नाही, कुणाचाच दोष नाही, एक मूर्खपणा झाला आणि तो दुरुस्त करता येतो. पण आईच्या कानाला ते असं ऐकू जाणार नाही, हे मला कळायला हवं होतं. तू रात्ररात्र बसून शोधलेलं कारण मी तुझ्या हातातून काढून घेतलं आणि त्याच्या जागी तुझाच पलंग ठेवला. मला मूल नाही, म्हणून कळलं नाही, असं तू मनात म्हणाली असशील. म्हटलंस तरी चालेल.

आता दोन गोष्टी.

पहिली. मागच्या घराची उलटापालट करून घेतली. प्लंबर आणून मशीन परत दक्षिणेला बसवलं, जिथे ते मुळात होतं. ओली भिंत फोडून आतून नवीन केली. उत्तरेची खोली रंगवली आणि सिद्धीचा पलंग तिथे ठेवला. तुम्ही तिथे राहणार नसलात तरी पुढे जे कुणी राहील त्यांचं मूल तरी कोरड्यात झोपेल. झाड बघायला एक बाई आली होती, झाडांची डॉक्टरच म्हण. ती दोरावरून वर चढली आणि घरावर आलेल्या दोन फांद्या उतरवून गेली. मी तिच्याच सल्ल्याने काढू दिल्या. सकाळचं ऊन आता बरंच लवकर आत येतं. फांद्या खाली आल्या तेव्हा मात्र मी घरात जाऊन मिक्सर लावला, तो आवाज ऐकायचा नव्हता म्हणून.

दुसरी. तू मला त्या दिवशी विचारलं होतंस, झाड की मुलगी. उत्तर द्यायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. सिद्धी. अर्थातच सिद्धी. सोबत सही केलेला कागद आहे.

तो आता तुझ्याकडेच राहू दे. त्यावर माझी कसलीही अट नाही. आधी इथे येऊन चार दिवस राहा, मग ठरव, असं लिहायचा मोह होतो आहे, पण ते अट घातल्यासारखंच होईल. न येता, न बघता, उद्या सकाळी त्या रंगाच्या डब्याला फोन केलास तरी मी काही म्हणणार नाही. अडवून ठेवलेलं माणूस आपलं राहत नाही, हे मला उशिरा कळलं.

मला तुमची फार आठवण येते. हे याआधीच्या तीन पत्रांत लिहायला हवं होतं.

तुझी
विभावरी वहिनी

सँडरिंगहॅम
२८ जानेवारी २०१८

प्रिय वहिनी,

हे पत्र पुण्याला पाठवतेय. तुमच्या आईंचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं हे प्रमोददादांनी सांगितलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमचा कागद वर्षभर माझ्या कपाटात होता. उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की शिव्याच सुचायच्या. तुम्ही सही दिलीत तेव्हा तर जास्तच राग आला. तुम्ही नाही म्हणत होतात तोपर्यंत सगळं सोपं होतं.

आम्ही दोन आठवड्यांपूर्वी घर रिकामं करायला आलो. व्यवहार ठरला होता. तुम्ही इथे नाही हे माहीत होतं, म्हणूनच आत्ताची तारीख घेतली, खोटं कशाला बोलू. एवढं गरम ऑकलंड मी कधी पाहिलं नव्हतं. दुकानांतले पंखे संपलेत. ग्रेअमच्या जागी तीन घरं झालीत, उजवीकडे अजून बांधतायत, आणि दिवसभर धूळ आणि पत्र्यांची झळ. कुठेही बोटभर सावली नाही. रस्त्यावरची सगळी पोरं पोहायचे टॉग्ज घालून आपल्या अंगणात. सिद्धीने पहिल्याच दिवशी त्यांच्याशी दोस्ती केली. "मम, इट्स हीप्स कूलर हिअर," म्हणाली आणि जेवायला आतच येईना. तिचं ताट मी झाडाखाली नेऊन दिलं. एक केरेरू वर बसून फळं खात होता. एवढा जाडा पक्षी फांदीवर मावतो कसा, याच्यावर पोरांची पैज लागली होती.

तुम्ही केलेल्या उत्तरेच्या खोलीत आम्ही तिघं झोपतो. छान कोरडी आहे. पण वहिनी, तुम्ही ती फक्त हिवाळ्यात पाहिलीत. उन्हाळ्यात या खोलीवर सकाळपासून ऊन असतं, आणि त्याच्या वाटेत झाड उभं आहे म्हणून ती झोपण्यासारखी राहते. हरीशच्या लक्षात आलं आधी. तो खिडकीत उभा राहून म्हणाला, "नीलू, आता झाड पाडलं तर इथे पापड भाजता येतील." मी त्याच्यावर ओरडले, पण ते डोक्यात राहिलं.

बुधवारी झाड पाडणारा तो माणूस आला. व्हॅन त्याने आपणहून सावलीत लावली. टोपी काढून कपाळ पुसलं, मी दिलेलं सरबत झाडाखालीच उभं राहून प्यायला. वर बघून म्हणाला, "नो वरीज, वन मॉर्निंग्ज वर्क." एका सकाळचं काम. तो वाईट बोलला नाही, त्याच्या दृष्टीने ते तेवढंच आहे. मी त्याला म्हटलं, घर विकायचं नाही. हरीश माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या तोंडातून ते कसं निघालं मलाही माहीत नाही. मग हरीशने विचारलं, "आणि झाड?" त्याला म्हटलं, ते उभं आहे तिथेच.

तुम्ही बरोबर होतात म्हणून नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते, नाहीतर आयुष्यभर ऐकवाल.

हरीशने ऑकलंडच्या ऑफिसात बदली मागितलीय. मे महिन्यापर्यंत होईल. तुम्ही परत आलात की मला तुमच्याशी एकदा समोर बसून भांडायचंय, सगळं पहिल्यापासून. ओव्याच्या धुरीपासून. पत्रात तुम्ही मध्येच बोलत नाही, त्यामुळे मजा येत नाही.

आणि एक. सिद्धी आजारी पडायची तेव्हा मला कुणीतरी दोषी हवं होतं. आधी झाडाला धरलं, कारण ते उलटून बोलत नाही. मग तुम्हाला धरलं, कारण तुम्ही बोलता. मग तुमचं ते खोलीचं पत्र आलं आणि उरले मीच. ते सहन होईना, म्हणून गप्प बसले.

आज सकाळी ती झोपेत खोकली. कोरड्या खोलीत, चांगल्या हवेत, तरीही खोकली. डॉक्टर म्हणतात, अधूनमधून होत राहील, मोठी होईल तसं कमी होईल. मी उठून बसले. सवयीने आजूबाजूला पाहिलं, कुणाचं चुकलं ते शोधायला. कुणी सापडलं नाही. मग तिला पाणी दिलं आणि ती परत झोपेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तुमची
नीलांबरी